सभासदाचा पत्ता म्हणजे चव्हाट्यावरची पाटी नव्हे



रायपूरच्या गोल बाजारात जुन्या धाटणीच्या दुकानांतून आजही उधारीची वही चालते. किराणा, भांडी, कापड, लग्नाचे सामान, पूजेचे साहित्य अशी खरेदी करणारी निम्मी गिऱ्हाइके पगाराच्या तारखेवर भिस्त ठेवून असतात आणि त्यात आपले रेल्वेचे लोक काही कमी नाहीत. या वहीचा एक अलिखित कायदा आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला त्याचे स्वतःचे पान दाखवतो, शेजाऱ्याचे पान दाखवत नाही. चार इयत्ता शिकलेला मुनीमसुद्धा वही उघडताना बाजूच्या पानावर तळहात ठेवतो. हे त्याला कोणी परिपत्रक काढून शिकवलेले नाही. ज्या दिवशी एकाची उधारी दुसऱ्याला कळेल त्या दिवशी दोघेही गिऱ्हाईक म्हणून जातील, एवढे तो जाणतो.

गोल बाजारातल्या मुनीमाला जे कळते ते संगणकासमोर बसलेल्या अनेक कार्यालयांना, पतसंस्थांना आणि स्पष्टच बोलायचे तर काही कामगार संघटनांनाही अजून कळलेले नाही. एक ई-मेल लिहायचा, त्यात शंभर-दोनशे पत्ते एका खाली एक भरायचे आणि बटण दाबून मोकळे व्हायचे, अशी पद्धत सर्रास चालू आहे. या पद्धतीत प्रत्येकाला मजकूर तर मिळतोच, शिवाय हा मजकूर आणखी कोणाकोणाला गेला त्यांची संपूर्ण यादीही मिळते. मजकूर साधा असेल तर फारसे बिघडत नाही. पण मजकूर थकबाकीचा असेल, आजाराचा असेल, तक्रारीचा असेल किंवा संघटनेच्या सभासदत्वाचा असेल, तर ती यादी हेच मोठे गुपित असते आणि ते आपण स्वतःच्या हाताने फोडलेले असते.

हा प्रश्न संगणकवाल्यांचा आहे, आपला नाही, असे म्हणून पान उलटू नये, अशी आमची विनंती आहे.

काय घडते ते पाहा

आमच्या भागातील एका कर्मचारी पतसंस्थेने कर्जाचे हप्ते थकलेल्या सभासदांना आणि त्यांच्या जामीनदारांना एकच ई-मेल पाठविला. भाषा सभ्य होती. पण वरती सगळ्यांचे पत्ते उघडे होते आणि आपल्याकडे पत्त्यातच बहुधा माणसाचे नाव आणि आडनाव असते. त्या यादीत रुळांवर काम करणारा आमचा एक सभासद होता. त्याच्या मुलीचे लग्न दीड महिन्यावर आले होते. त्याच यादीत जामीनदार म्हणून एक निवृत्त कर्मचारी होते, ज्यांच्या मुलाचे गोल बाजारात भांड्यांचे दुकान आहे. पुढे काय झाले ते सांगायला नको. लग्नाच्या भांड्यांची यादी घेऊन आमचा सभासद नेहमीच्या दुकानी गेला तेव्हा दुकानदार नम्रपणे म्हणाला, "काकाजी, इस बार नगद कर लेते हैं।" वीस वर्षांचा व्यवहार एका वाक्यात संपला. शेजारच्या दोन दुकानांतही तेच उत्तर मिळाले.

या सभासदाचे थकलेले हप्ते तीन होते आणि तेही आजारपणामुळे बिनपगारी रजा पडल्याने. पतसंस्थेला पैसे मागण्याचा पूर्ण अधिकार होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण मागणी त्याच्याकडे करायची होती, गावाकडे नाही. आम्ही संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना भेटलो. उत्तर मिळाले की, "आम्ही मुद्दाम थोडेच केले?" मुद्दाम केले नाही हे आम्हांस मान्य आहे. चुकीचा सांधा लावणारा पॉइंट्समनही मुद्दाम लावत नाही. म्हणून तर सांधा लावण्याचे नियम असतात आणि म्हणून तर त्याची जबाबदारी ठरलेली असते. जो नियम गाडीला तोच माणसाच्या नावाला का नसावा?

गुप्त प्रत म्हणजे काय

ज्यांनी टंकलेखन यंत्राचा काळ पाहिला आहे त्यांना ही गोष्ट समजायला दोन मिनिटे लागतात. पूर्वी पत्र टाईप करताना दोन कागदांमध्ये कार्बन कागद घालीत. मूळ पत्र ज्याला लिहिले त्याला जाई. कार्बनची प्रत ज्यांना जाई त्यांची नावे पत्राखाली लिहिली जात, म्हणजे प्रत कोणाला गेली हे सर्वांना कळे. पण कधी कधी साहेबांना एक प्रत तिसऱ्याला गुपचूप पाठवायची असे. तेव्हा टायपिस्ट मूळ कागद काढून घेई आणि त्या तिसऱ्याचे नाव फक्त त्याच्या प्रतीवर टाईप करी. इंग्रज कचेऱ्यांत अशा प्रतीला आंधळी कार्बन प्रत म्हणत.

ई-मेलमध्ये हीच तीन घरे आजही आहेत. पहिले घर "टू", म्हणजे प्रति. दुसरे घर "सी.सी.", म्हणजे कार्बन प्रत. तिसरे घर "बी.सी.सी.", म्हणजे आंधळी कार्बन प्रत, आपण तिला गुप्त प्रत म्हणू. पहिल्या दोन घरांतले पत्ते प्रत्येकाला दिसतात. तिसऱ्या घरातले पत्ते दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत. सर्वांना एकच पत्र पाठवायचे असेल तर पहिल्या घरात आपल्याच कार्यालयाचा पत्ता घालावा आणि बाकी सर्व पत्ते तिसऱ्या घरात भरावेत. एवढाच हा मंत्र आहे. त्याला पैसा लागत नाही, नवे यंत्र लागत नाही, मंजुरी लागत नाही. अनेक ई-मेल सेवांमध्ये हे तिसरे घर आधी झाकलेले असते, ते बोट लावून उघडावे लागते. या झाकलेल्या घरामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

मोठ्यांनीही हेच केले

कोणी म्हणेल की, ही लहान गावच्या लहान कचेऱ्यांची गोष्ट आहे. तसे नाही. लंडनमधील ५६ डीन स्ट्रीट या नावाच्या दवाखान्याने सप्टेंबर २०१५ मध्ये आपले वार्तापत्र ७८० च्या आसपास लोकांना एकाच ई-मेलने पाठविले आणि पत्ते गुप्त घराऐवजी उघड्या घरात टाकले. ही सेवा मुख्यतः एच.आय.व्ही.च्या रुग्णांसाठी होती आणि बहुतेक पत्त्यांत पूर्ण नावे होती. दवाखाना चालविणाऱ्या संस्थेला मे २०१६ मध्ये १ लाख ८० हजार पौंड दंड झाला. बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ब्रिटनच्या आयोगाने २०१७ साली पीडितांसह ९० जणांचे पत्ते असेच उघडे केले आणि २०१८ मध्ये २ लाख पौंड दंड भरला.

सर्वांत भयंकर गोष्ट २०२१ सालची आहे. ऑगस्टमध्ये अफगाणिस्तान तालिबानच्या हाती गेला. ब्रिटिश फौजेसाठी दुभाषे म्हणून काम केलेले अफगाण लोक जीव मुठीत धरून लपून बसले होते. अशांपैकी २४५ जणांना ब्रिटनच्या संरक्षण खात्याने सप्टेंबरमध्ये एकच ई-मेल पाठविला आणि सर्वांचे पत्ते सर्वांना दिसले. काहींच्या पत्त्यांबरोबर छायाचित्रेही दिसत होती. त्यावर एकाने "सर्वांना उत्तर द्या" हे बटण दाबून आपला ठावठिकाणाही सर्वांना कळविला. ही यादी शत्रूच्या हाती पडली असती तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी. खात्याला डिसेंबर २०२३ मध्ये साडेतीन लाख पौंड दंड झाला. हे काम करणारा कारकूनही कोणाचे वाईट व्हावे म्हणून बसलेला नव्हता. त्याला पद्धत आखून दिलेली नव्हती, एवढेच.

आपल्या देशातले उदाहरण घ्या. इंटरनेटवर कंपन्यांनी भेदभाव करावा की नाही, यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २७ मार्च २०१५ रोजी जनतेची मते मागविली. दहा लाखांहून जास्त नागरिकांनी ई-मेल पाठविले. एप्रिलच्या अखेरीस ट्रायने ते सर्व ई-मेल पाठविणाऱ्यांची नावे आणि पत्ते यांसह आपल्या संकेतस्थळावर टाकून दिले. लोकांची मते जाहीर करणे योग्यच होते. पण त्यासाठी दहा लाख लोकांचे पत्ते जाहिरातवाल्यांना आणि ठकांना आयते वाढून द्यायची काही गरज नव्हती. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, मार्च २०२० मध्ये, कर्नाटक सरकारने घरी विलग ठेवलेल्या लोकांचे पत्ते जिल्हावार जाहीर केले. साथ आटोक्यात आणणे हे सरकारचे कर्तव्य होते, पण त्या याद्या हातोहात फोनवर फिरल्या आणि घराघरांवर संशयाची बोटे उठली.

आणि आपल्या रेल्वेचे काय? आरक्षणाचा तक्ता डब्याच्या दाराशी चिकटवायची पद्धत आपण सर्वांनी पाहिली आहे. नाव, वय, स्त्री की पुरुष आणि बर्थ क्रमांक, सगळे उघडे. एकटी प्रवास करणारी मुलगी कोणत्या बर्थवर झोपणार हे फलाटावरच्या प्रत्येक रिकामटेकड्याला वाचता येई. १ मार्च २०१८ पासून मोठ्या स्थानकांवर डब्यांना तक्ते चिकटविणे आधी सहा महिन्यांच्या प्रयोगादाखल बंद झाले. त्या निर्णयाची चर्चा कागदाची बचत म्हणून झाली. आमच्या मते त्याहून मोठी बचत प्रवाशांच्या अब्रूची झाली.

कामगाराला याची झळ जास्त का

साहेबाचा पत्ता फुटला तर त्याला नको असलेले चार ई-मेल येतील. कामगाराचे नाव नको त्या यादीत फुटले तर त्याची भाकरी जाऊ शकते. हा फरक आपण ध्यानात घेतला पाहिजे.

ब्रिटनमध्ये बांधकाम मजुरांच्या बाबतीत काय झाले ते पाहा. २००९ साली तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने एका खाजगी संस्थेवर छापा घातला. तिच्या कपाटात ३,२१३ मजुरांच्या नावांची काळी यादी सापडली. कोण संघटनेत आहे, कोणी सुरक्षेबद्दल तक्रार केली, कोण सभेत बोलला, अशा नोंदी होत्या. मोठमोठ्या बांधकाम कंपन्या पैसे भरून ही यादी वापरीत आणि त्या मजुरांना वर्षानुवर्षे काम मिळत नसे. काम का मिळत नाही हेही त्यांना कळत नसे. नावांची यादी हे मालकाच्या हातचे हत्यार कसे होते, याचा यापेक्षा ठळक पुरावा कोणता हवा?

आमच्या आधीच्या पिढीला हे वेगळ्या रीतीने माहीत होते. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपात सुमारे १७ लाख कामगारांचा प्रश्न होता. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढले गेले. अशा वेळी सभासदांची यादी ही शाखेची सर्वांत जोखमीची वस्तू असते. त्या काळी ती एका रजिस्टरात असे आणि ते रजिस्टर कोणाच्या घरी आहे हे दोघा-तिघांनाच ठाऊक असे. आज तीच यादी एका चुकीच्या बटणाने शंभर फोनांत पोचते आणि ती परत आणता येत नाही.

रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान होते. २००७, २०१३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते झाले. कामगाराने कोणाला मत दिले हे वरिष्ठाला कळू नये म्हणून एवढी पेटी, पडदा आणि शिक्का यांची व्यवस्था. मग मतदानाच्या आठ दिवस आधी कोणी प्रचाराचा ई-मेल सर्व सहानुभूतीदारांच्या उघड्या यादीसह पाठविला, तर त्या पडद्याचा उपयोग काय? ठेकेदाराकडच्या कामगाराचे तर विचारूच नका. सफाई, खानपान, माल चढविणे-उतरविणे अशा कामांवरील माणूस संघटनेशी बोलतो आहे एवढे कळले तरी त्याला दुसऱ्या दिवशी दारावरून परत पाठवितात. त्याचा पत्ता आमच्याकडे विश्वासाने दिलेली ठेव आहे.

आणखी दोन बाबींचा उल्लेख केलाच पाहिजे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रार करणारीचे नाव, पत्ता आणि चौकशीचा तपशील उघड करण्यास मनाई आहे. एच.आय.व्ही. बाधितांच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने गुप्तता बंधनकारक केली आहे. चौकशी समितीच्या बैठकीची सूचना किंवा वैद्यकीय तपासणीचे बोलावणे उघड्या यादीने पाठविणे म्हणजे केवळ गबाळेपणा नाही, तो कायद्याचा भंग ठरू शकतो.

"लपवायचे काय आहे?"

या विषयावर बोललो की काही जुने सहकारी विचारतात, "संघटनेत सगळे खुलेआम असते. लपवायचे काय आहे?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे.

संघटनेचा कारभार खुला असलाच पाहिजे. कामगार संघटना कायदा, १९२६ याने हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी सभासदाला तपासता येईल अशी तरतूद केली होती, आणि ती रास्त होती. पण तपासायला देणे आणि वाटत सुटणे यांत अंतर आहे. सभासद कार्यालयात येतो, पदाधिकाऱ्यासमोर वही पाहतो, शंका फेडून घेतो आणि वही जागेवर राहते. उघड्या ई-मेलमध्ये वहीची छापील प्रतच शंभर जणांच्या खिशात जाते, आणि तेथून ती कोठे जाईल याचा हिशेब ब्रह्मदेवालाही लागायचा नाही. ठराव खुले ठेवा, जमाखर्च खुला ठेवा, निवडणूक खुली ठेवा. माणसाचा फोन, आजार, कर्ज, तक्रार आणि घरचा पत्ता यांवर मात्र त्याचाच ताबा राहू द्या.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. गुप्ततेच्या नावाखाली साहेब लोक आपली माहिती दडवतील, असे काहींना वाटते. ही भीती खोटी नाही. वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील वैयक्तिक माहितीची तरतूद बदलली आणि त्या खंडात असलेली व्यापक लोकहिताची अट गाळून टाकली. त्याच कलमातील लोकहितासाठी माहिती देण्याची दुसरी तरतूद अजून आहे, पण तिचा आधार घेण्यासाठी नागरिकाला अधिक झगडावे लागणार. या बदलाला आमचा विरोध आहे. ठेका कोणाला दिला, बढती कशी दिली, पैसा कोठे खर्च झाला, हे विचारण्याचा अधिकार आम्ही सोडणार नाही. सत्ता असेल तेथे उजेड पाहिजे आणि दुबळ्या माणसाच्या घराला दार पाहिजे. या दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात. पहिली मागणी जोरात करायची असेल तर आधी आपल्या सभासदाचे दार आपण नीट लावलेले असावे.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. "यादीतले सगळे एकमेकांना ओळखतात, मग काय हरकत?" ओळखतात हे खरे. पण एकाच पाळीत काम करणाऱ्या दोघांना एकमेकांचे कर्ज ठाऊक असते का? ओळखीच्या माणसापासूनच काही गोष्टी राखायच्या असतात. परक्याला त्यांचे देणे-घेणे नसते.

कायदा काय म्हणतो

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात एकमताने निकाल दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यापुढे अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. माहिती सांभाळण्याची योग्य काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती फुटली तर ती ज्याची आहे त्याला कळविणे बंधनकारक आहे. हा कायदा फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असे समजून संघटना, पतसंस्था आणि मंडळे गाफील राहतील तर ती त्यांची चूक ठरेल. कायद्याचा बडगा यायच्या आधी आपण शिस्त लावून घेतलेली बरी.

शाखांनी काय करावे

भाषण पुरे, आता काम. प्रत्येक शाखेने पुढील गोष्टी आजपासून सुरू कराव्यात असे आम्ही सुचवितो.

१. एकट्या माणसाची बाब कधीही सामूहिक ई-मेलने कळवू नये. थकबाकी, आरोपपत्र, वैद्यकीय अपात्रता, बदली, तक्रार यांसाठी प्रत्येकाला वेगळे पत्र जावे. शंभर पत्रे लिहायचा कंटाळा येत असेल तर संगणकात मजकूर एक आणि नावे वेगळी अशी स्वतंत्र पत्रे काढण्याची सोय आहे, ती शाखेतील एखाद्या तरुणाकडून शिकून घ्यावी.

२. सर्वसाधारण सूचना असेल तर सर्व पत्ते गुप्त प्रतीच्या घरात टाकावेत. मात्र गुप्त प्रतीवर आंधळा विश्वास ठेवू नये. बोट चुकून वरच्या घरात पडते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनीच २०२३ साली सांगितले आहे की, नाजूक माहितीसाठी केवळ गुप्त प्रतीवर अवलंबून राहू नका.

३. पाठविण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने पाहावे. ड्रायव्हर आणि गार्ड या दोघांचा इशारा जुळल्याशिवाय गाडी हलत नाही. शंभर जणांना जाणाऱ्या ई-मेललाही दोन जोड्या डोळे लागतातच.

४. सोबत जोडलेला तक्ता उघडून पाहावा. त्यात लपविलेले रकाने आणि मागची पाने असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलातील सुमारे साडेनऊ हजार कर्मचाऱ्यांची नावे अशाच एका तक्त्याच्या लपलेल्या पानातून फुटली. पी.एफ. क्रमांक, आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक यांचे रकाने गरज नसल्यास काढून टाकावेत.

५. व्हॉट्सॲपच्या गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा क्रमांक दिसतो, हे विसरू नये. विचारल्याशिवाय कोणाला गटात ओढू नये. विशेषतः भगिनींना विचारूनच घ्यावे. केवळ सूचना द्यायच्या असतील तर गट न करता प्रसारण यादी करावी, तीत क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. सभासदाने शाखेचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला असला म्हणजे निरोप पोचतो.

६. संघटनेच्या पत्रव्यवहारासाठी रेल्वेने दिलेला सरकारी ई-मेल पत्ता वापरू नये. घर मालकाचे असेल तर किल्लीही मालकाकडे असते.

७. पत्र घेणाऱ्यानेही शिस्त पाळावी. "सर्वांना उत्तर द्या" हे बटण सहसा दाबू नये. चुकून उघडी यादी हाती आली तर ती पुढे पाठवू नये, पाठविणाऱ्याला एकट्यालाच कळवावे आणि ई-मेल पुसून टाकावा.

८. घोटाळा झालाच तर त्याच दिवशी, ज्यांची नावे उघडी झाली त्यांना प्रत्येकाला वेगळे कळवावे. पाठविलेला ई-मेल परत बोलावण्याच्या बटणावर विसंबू नये. दुसऱ्याच्या घरात पडलेले पत्र बहुधा परत येत नाही.

९. यादी कोणाकडे आहे हे ठरलेले असावे. एक पदाधिकारी, एक प्रत, एक कुलूप. पदाधिकारी बदलला की यादीचाही कार्यभार लेखी द्यावा-घ्यावा आणि जुन्या माणसाच्या संगणकातून ती काढून टाकावी.

आमची मागणी

महासंघाच्या केंद्रीय कार्यालयाने या विषयावर एक छोटे परिपत्रक मराठी, हिंदी आणि इतर सर्व भाषांत काढावे आणि शाखा सचिवांच्या पुढील प्रशिक्षण वर्गात त्यासाठी एक तास राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. रेल्वे प्रशासनाकडेही मागणी झाली पाहिजे. बिलासपूर, रायपूर आणि नागपूर हे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे तीन विभाग आहेत. या तिन्ही विभागांत, आणि देशभरच्या विभागांतही, कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय, शिस्तभंगाच्या आणि कर्जाच्या याद्या ई-मेलने अथवा फोनवरील गटांत फिरविणे बंद करण्याचे लेखी आदेश निघाले पाहिजेत. कर्मचारी पतसंस्थांच्या वार्षिक सभांत आपल्या सभासदांनी हा विषय मांडावा आणि ठराव करून घ्यावा.

हे काम पगारवाढीच्या लढ्याएवढे मोठे नाही, हे आम्ही जाणतो. या मागणीसाठी कोणी मोर्चा काढणार नाही. पण कामगार संघटनेकडे येतो तो एका विश्वासाने येतो. आपले नाव, आपली अडचण आणि आपला पत्ता तो आपल्या हाती देतो, कारण ते चुकीच्या हाती पडणार नाही अशी त्याची खात्री असते. ही खात्री एकदा उडाली तर वर्गणीची पावती फाडायलाही कोणी पुढे येणार नाही. तेव्हा पुढचा ई-मेल पाठविण्यापूर्वी प्रत्येक शाखा सचिवाने पत्त्यांच्या घराकडे एकदा नीट पाहावे आणि मगच बटण दाबावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!